वजन, उंची, बीएमआय सगळं सारखं. मग चरबीत एवढा फरक कसा?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही आणि तुमचा मित्र दोघंही 23 वर्षांचे, उंची 171 सेंटीमीटर, वजन 66 किलो. तो बेळगावच्या वडगावात रोज तालमीत जातो, तुम्ही टिळकवाडीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसता. चरबी मोजायच्या मशीनवर त्याची चरबी 15 टक्के आली, तुमची 26. मशीन चुकलं का?

थोडंफार चुकलं असेल, पण फरक खरा असणार. त्याच्या अंगावर साधारण 10 किलो चरबी आहे, तुमच्या 17. म्हणजे चरबी सात किलो जास्त आणि स्नायू, हाडं, पाणी मिळून तेवढंच कमी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, दोघांचाही 22.6, कारण त्याला फक्त वजन आणि उंची कळते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली होती. बीएमआय दोघांचा 22.3, चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, मॅरेथॉन धावणाऱ्या युडकिनांची 9.1. यात आपल्या भारतीय अंगकाठीचाही वाटा आहे. तो बदलता येत नाही, व्यायामाचा येतो.

मशीन पायांतून बारीकसा विजेचा प्रवाह सोडतं. स्नायूत जवळपास तीन चतुर्थांश पाणी, त्यातून वीज सहज जाते, चरबी अडवते. त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालं की चरबी उगीच जास्त दिसते. घाम गाळून आल्या आल्या मोजू नका. सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, अनवाणी, दर वेळी त्याच मशीनवर, महिन्यातून एकदा मोजा. एक-दोन टक्क्यांच्या चढउताराकडे लक्षच देऊ नका.

माझा जास्त भरवसा शिंप्याच्या टेपवर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, तुमच्यासाठी 85 सेंटीमीटरच्या आत. बहिणीचीही चरबी मोजणार असाल तर आकडा तुमच्याशी ताडू नका; बायकांच्या शरीराला मुळातच जास्त चरबी लागते.

आता उपाय. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नुसत्या फेऱ्या मारणं हृदयाला, साखरेला उत्तम, पण त्यानं स्नायू फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड: जोर 8 ते 12, बैठका 15 ते 20, आणि पाण्यानं भरलेला कॅन वाकून पोटाकडे ओढणं 10 ते 12, प्रत्येकाचे तीन सेट. शेवटचे दोन-तीन जड गेलेच पाहिजेत. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या बॅगेत वजन वाढवा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं: महिनोन्‌महिने तेवढेच जोर मारतात, मग स्नायूंना वाढायचं कारणच उरत नाही.

दुसरी चूक म्हणजे जेवण तोडणं. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतो. तुमच्या वजनाला रोज 80 ते 100 ग्रॅम प्रथिनं धरा. जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ यात निम्मीही होत नाहीत. अंडी, दूध-दही, मूठभर शेंगा, वाढीव डाळ जोडावी लागते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 25, पण शेंगदाण्यात तेल भरपूर, म्हणून मूठभरच. आपला बेळगावी गोड कुंदा आठवड्यातून एकदा खाल्ल्यानं काही बिघडत नाही.

तीन महिन्यांनी काटा 66 च दाखवत असेल आणि कंबर चार सेंटीमीटर उतरली असेल, तर यातलं काहीही बदलू नका.