रिटायरमेंटच्या पैशातून घरी कॅराव्हॅन बांधायची का? चिंचवडच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमचा मेल दोनदा वाचला, सोबतचा स्केच आणि सामानाची यादी पण नीट बघितली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. काका ५८ चे, भोसरीच्या एका कंपनीत फॅब्रिकेशन शॉपमध्ये आयुष्य गेलं, आता रिटायर झालेत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ५४ लाख पुढच्या आठवड्यात हातात येतील. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन महिन्याला ३,२०० रुपये, खालच्या खोलीचं भाडं ९,०००, घरखर्च महिन्याला ३६,०००. घर स्वतःचं, कर्ज नाही, दारात २०१९ ची मारुती इको. आणि आता जुनी टेम्पो ट्रॅव्हलर ७ लाखाला घेऊन त्यात ९ लाख घालून स्वतःच्या हाताने कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, बांधायची आणि काकूंना घेऊन भारत फिरायचा असं ठरवताय, म्हणजे एकूण १६ लाख. तुम्ही लिहिलंय की "१६ गेले तरी ३८ उरतात, दोघांना पुष्कळ झाले."

माझं स्पष्ट मत, १६ लाखाची गाडी करू नका. फिरणं मात्र सोडू नका, त्यासाठी खाली वेगळा रस्ता सांगते.

आधी ते "३८ उरतात" बघू. यातले ३० लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाकले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० येतात. ५ लाख अडीअडचणीला एफडीत बाजूला ठेवायचे, त्याला हात नाही लावायचा. राहिले फक्त ३ लाख. महिन्याची आवक धरा, २०,५०० अधिक ३,२०० अधिक ९,०००, झाले ३२,७००. खर्च ३६,०००. आणि तुमच्या मेलमध्ये मेडिक्लेमचा एक शब्द नाहीये काका, कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते, आता दोघांचा मिळून दहा लाखाचा फ्लोटर, म्हणजे एकच सामायिक पॉलिसी, घेतली तर या वयात प्रीमियम वर्षाला चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाऊ शकतो, तो धरला की खर्च महिन्याला चाळीस हजार. म्हणजे दर महिन्याला ७,३०० कमी पडतात, वर्षाला जवळपास ८८,०००, आणि यात डिझेलचा एक थेंब धरलेला नाही. उरलेले ३ लाख साडेतीन वर्षं पण पुरणार नाहीत आणि तेव्हा तुम्ही फक्त ६१-६२ चे असाल.

हीच तूट गाडी न घेता भागते. कारण मग ३ च्या जागी १९ लाख असतात, त्यातून वर्षाला ८८,००० काढले तर साडेचार टक्के होतात, बाकीचे थोडे शेअर बाजाराच्या म्युच्युअल फंडात थोडे डेट (कर्जरोख्यांच्या) फंडात वाढत राहतात. महागाई ६ टक्के धरली तर आजचे ३६,००० बारा वर्षांनी ७२,००० होतात आणि सीनियर सिटिझन स्कीमचं व्याज तर तेवढंच राहतं, वाढत नाही. महागाईला तोंड द्यायला तुमच्याकडे हे १९ लाखच आहेत आणि त्यातलेच १६ तुम्ही गाडीत घालताय. तुम्हाला ते जास्तीचे वाटतायत, पण सत्तरीनंतर तुमचा किराणा आणि औषधं त्यातूनच यायचीयत.

मुलगा म्हणतो पर्सनल लोन काढू, ते नको. फिरायच्या गाडीसाठी त्याच्या डोक्यावर हप्ता कशाला.

आता गाडीचं. मला सुतारकाम येत नाही पण आकडेमोड येते, म्हणून तुमची यादी घेऊन बसले. १८ एमएमचे १४ प्लाय लिहिलेत. आठ बाय चारचा एक शीट साधारण ३२ किलो भरतो, म्हणजे नुसता प्लाय साडेचारशे किलो. पाण्याची टाकी दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो. १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, शंभर किलोच्या वर. फ्रिज, गाद्या, भांडी, तुम्ही दोघं हे अजून मोजलंच नाही आणि सातशे किलो झाले. बारा माणसं बसायची तेव्हा त्यांचं वजन आठशेच्या आसपास असायचं. म्हणजे आरसीवरची वजनाची मर्यादा तुम्ही फ्रिज चढवायच्या आधीच गाठत आणलीय. सगळीकडे १८ एमएम कशाला, बेडच्या फ्रेमला बॉक्स पाईप आणि वर १२, कपाटांना ९ पण चालेल असं तुमच्याच लाइनमधल्या एकाने मला सांगितलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आणि एसी. एक टनाचा स्प्लिट लिहिलाय. दोन बॅटऱ्या मिळून ३,६०० वॉट-अवर, ट्युब्युलर निम्म्याच्या खाली न्यायची नाही म्हणून हाताशी १,८००. एसी चालताना हजार वॉटच्या आसपास खातो, वर इन्व्हर्टरची गळती. रात्री अकराला लावला तर एकच्या आत बंद. रात्रभर चालवायचा तर लिथियम बॅटऱ्यांचा मोठा संच, मोठा इन्व्हर्टर, टपावर जास्त पॅनल, हा एकटा एसी तुमच्या ९ लाखाचे १२ करेल. १२ व्होल्टचे दोन पंखे, खिडक्यांना जाळी, उन्हाळ्यात हिमाचल आणि थंडीत कोकण असं फिरलात तर एसीची गरजच कमी होते.

वापराचा हिशेब पण करा. १६ लाखाची गाडी दहा वर्षांनी ४ लाखाला गेली असं धरू, म्हणजे वर्षाला १.२० लाख झिजले. त्याच १६ लाखावर ७ टक्के व्याज बुडलं ते १.१२ लाख. इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग वगैरे ६०,००० धरा. वर्षाला २.९२ लाख. साठ रात्री बाहेर राहिलात तर एका रात्रीचे ४,८७० रुपये, डिझेल वेगळं. एवढ्यात चांगला होमस्टे जेवणासकट मिळतो. १२० रात्री राहिलात तर २,४३० वर येतं, मग विचार करण्यासारखं आहे, पण काकू वर्षातले चार महिने घराबाहेर राहायला तयार आहेत का? मेलमध्ये त्यांचं मत कुठेच नाही.

कागदपत्रांचं तर अजून महत्त्वाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं आहे की आरसीवर कंपनीचं जे स्पेसिफिकेशन आहे त्यात मनाने बदल करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, आणि अशा टेस्टिंगचं काम करणारी एआरएआय तुमच्यापासून लांब नाही, कोथरूडच्या टेकडीवर आहे. तुम्ही बघितलेली ट्रॅव्हलर पिवळ्या प्लेटची, टुरिस्ट परमिटची आहे, म्हणजे आधी परमिट सरेंडर, मग प्रायव्हेट पासिंग, टॅक्सचा फरक, मग कॅराव्हॅन म्हणून नोंद. गाडीचा टोकन द्यायच्या आधी ड्रॉइंग घेऊन आरटीओत जा आणि काय चालेल ते लेखी घ्या. नाहीतर आत वायरिंग, गॅस, बेड सगळं असताना आरसीवर बारा सीटची बस राहील, आणि उद्या शॉर्टसर्किट झालं तर इन्शुरन्सवाले आधी हेच बघतील. ९ लाखाचं काम पॉलिसीत लिहिलेलंच नसेल तर आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) जुन्या ट्रॅव्हलरचीच धरणार.

गाडी सहा महिने भाड्याने देऊन पैसे वसूल करायचा तुमचा बेत पण यातच अडकतो. राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे खरं, पण प्रायव्हेट पासिंगची गाडी भाड्याने देता येत नाही, त्याला पिवळी प्लेट आणि परमिट लागणार, म्हणजे घरच्या गाडीचा धंदा झाला. ते उत्पन्न हिशेबात धरूच नका.

मग करायचं काय? तुमच्या हातात कसब आहे, ते वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. फिरण्यासाठी ३ लाख वेगळे काढा, १९ मधले, त्यापेक्षा जास्त नाही. पुण्या-मुंबईत कॅराव्हॅन भाड्याने मिळतात, त्यातली एक आठवडाभर घेऊन दोघं जाऊन या, मुद्दाम पावसात जा. आत अंघोळ, स्वयंपाक, टॉयलेट कसं जमतं ते कळेल. कॅसेट टॉयलेट (खालची मैल्याची टाकी काढून ओतायचं) रिकामं करायची सोय आपल्याकडे फार ठिकाणी नाही, ते रोज कोण करणार हेही कळेल. तोवर गच्चीवर खडूने ट्रॅव्हलरचा आतला मजला खऱ्या मापात आखा, बेडच्या जागी गादी टाका आणि काकूंना त्यातच चहा करून बघू दे.

आणि इको आहेच की! सीट न काढता, काही वेल्ड न करता, सीटच्या वरून येईल असा घडीचा पलंग आणि मागच्या डिक्कीत सरकणारा किचनचा खोका करा, उचलून बाहेर ठेवता येईल असा. तो सामान म्हणून जातो, आरसीला धक्का नाही. छोटी लिथियम बॅटरी, एक पंखा, दोन दिवे, पाण्याचे दोन कॅन. यात पन्नास-साठ हजारांच्या वर जायचं कारण नाही, बाकीचे पैसे पेट्रोल आणि मुक्कामाला. दोन वर्षं असं फिरून वर्षाला शंभर रात्री खरंच बाहेर काढल्यात तर मला परत लिहा, तेव्हा १९ लाखाचं काय झालंय ते बघून मोठ्या गाडीचं नव्याने बोलू, मी आत्ताच कायमचं नाही म्हणत नाहीये.

एका गोष्टीला मात्र थांबू नका. तुम्ही साठचे नाही, त्यामुळे सीनियर सिटिझन स्कीममध्ये पैसे टाकायला रिटायरमेंटची रक्कम हातात आल्यापासून फक्त ३ महिने मिळतात, ती मुदत गेली की साठपर्यंत थांबावं लागेल. त्याला कंपनीचं रिटायरमेंटचं आणि मिळालेल्या रकमेचं सर्टिफिकेट लागतं, एचआरकडून या आठवड्यातच मागून घ्या. आणि मेडिक्लेमचा फॉर्म भरताना बीपी-शुगर जे असेल ते सगळं लिहा, काकूंचं पण.