शटर खाली येते न् परत वर जाते, काहून?

प्रश्न : भाऊ, मागच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या शेडले मोटरवालं शटर बसवलं, दसऱ्यालोक मस्त चाललं, आता अर्ध्यात येते न् आपोआप परत वर जाते. भिंतीवरचं बटण दाबून धरलं तर येते खाली. बसवणारा म्हणते मोटर गेली, बदला. खरंच गेली का? (एक वाचक, राळेगाव तालुका)

उत्तर : मोटर गेली असती तर शटर वर कोणी नेलं असतं, राजेहो? पैसे ठेवा खिशात. दसऱ्यानंतर बिघडलं म्हणता म्हणजे वेचणी सुरू झाल्यावर, आणि कापूस त्याच शेडमध्ये टाकला असन, हो ना? चौकटीच्या दोन्ही बाजूला जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन छोटे डोळे आहेत पहा, ते सेन्सर. एकातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो पकडतो, मधात लेकरू, कोंबडी, काही आलं की शटर वर पळते. अमेरिकेत तर घरच्या गॅरेजच्या ऑटोमॅटिक दाराला अशी सोय 1993 पासून सक्तीची आहे. आता त्या डोळ्यावर कापसाचे धागे न् धूळ बसली की त्याले वाटते मधात कोणीतरी उभं आहे. बटण दाबून धरलं की काही मशिनी सेन्सरकडे पाहतच नाहीत, म्हणून तसं बंद होते.

मेन स्विच बंद करा, कोरड्या मऊ फडक्यानं दोन्ही डोळे पुसा, कोळ्याचं जाळं असलं तर काढा. मग स्विच चालू करून सेन्सरचा बारका लाइट पहा. लुकलुकत असन तर दोघं समोरासमोर नाहीत, पोतं वाहताना कोणाचा तरी धक्का लागला असन, स्क्रू ढिला करून हातानं सरळ करा. फक्त संध्याकाळीच असं होत असन न् शेडचं तोंड मावळतीकडे असन तर किरण पकडणाऱ्या डोळ्यावर ऊन पडते, त्याच्यावर पीव्हीसी पाइपाचा तुकडा टोपीसारखा बसवला की झालं. वायर जोडून सेन्सरच बाद करून देणारे मिस्त्री भेटतात, तसं करू देऊ नका.

तरी नाही जमलं तर मोटरची शटरवरची पकड सोडवून शटर हातानं चालवून पहा. हातालाच जड लागलं तर दोष शटर ज्यात सरकते त्या बाजूच्या पट्टीत नाहीतर स्प्रिंगात. पट्टीची खाच झाडून घ्या, पण ग्रीस थापू नका हो, आपल्याकडची धूळ न् कापूस मिळून त्याचा लगदा होतो, सिलिकॉन स्प्रे मारा. स्प्रिंगला मात्र हात लावायचा नाही, तिच्यात एवढा ताण असतो की सुटली तर हात मोडते. तिथं कारागीरच पाहिजे.

प्रश्न : दिवसा रिमोट चालतो, रात्री चालत नाही. सेल नवा टाकला. (एक ताई, वरुड)

उत्तर : ताई, शेडमधला एलईडी बल्ब बंद करून रिमोट दाबून पहा. चालला तर बल्बच चोर. स्वस्त बल्बातलं सर्किट गडबड सोडते, त्यात रिमोटचा सिग्नल हरवतो. बल्ब बदला.

भिंतीचं बटणही चालत नसन आणि मोटर नुसती गुणगुणत असन तर गोष्ट वेगळी. व्होल्टेज मोजा, 230 च्या जागी 180 च्या आसपास भरलं तर मोटरला शटर उचलत नाही. अशात बटण दाबत बसलं की वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतलं तारेचं वेटोळं, जळते, हातसाखळीनं घ्या. व्होल्टेज बरोबर असून गुणगुणते तर बहुतेक कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारा भाग, गेला. वस्तू स्वस्त आहे, पण स्विच बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनलाच करू द्या.

प्रश्न : मे महिन्यात घरी लग्न होतं, शटर मधातच थांबलं, तासाभरानं आपोआप सुरू झालं. भूतबाधा म्हणावं का? (एक वाचक, आर्वी)

उत्तर : कशाची भूतबाधा! टिनाचं शेड, मे महिन्याचं ऊन, न् वऱ्हाडातल्या पोरांनी रिमोटचा खेळ केला असन. ह्या मोटरी सलग चालायला बनवलेल्याच नसतात, बऱ्याच मोटरी सलग चारेक मिनिटंच चालतात, जास्त तापल्या की आतला थर्मल कटऑफ बंद करून टाकतो, थंड झाल्यावर परत जोडतो. काही दुरुस्त करायचं नाही. पुढच्या लग्नात रिमोट आजीच्या कनवटीला द्या.