पन्नाशीत नोकरी सोडू का?

प्रश्न: वय ४७, ठाण्यात नौपाड्याला राहतो, आयटीत आहे. घराचं कर्ज फिटलंय, मुलगी बारावीला. पन्नाशीला थांबायचं म्हणतोय, तर बायको म्हणते दिवसभर घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं मोजणार का?

उत्तर: वहिनींचा मुद्दा बरोबर आहे हो, आधी त्याचंच बघा. पैशाचं म्हणाल तर दोनच गोष्टी. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेम जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण बीपी-शुगर असेल तर त्या आजारांच्या क्लेमसाठी ३ वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं. आणि ईपीएफची पेन्शन ५० ला मिळते खरी, पण ५८ च्या आधी जितकी वर्षं लवकर घ्याल त्यातल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापले जातात, तेव्हा घाई नको. मुलीची फी वेगळीच बाजूला काढा.

आता दिवसाचं. तलावपाळीला चार फेऱ्या मारून सकाळ सरते, दुपार सरत नाही. नोकरी असतानाच शनिवारी कुठेतरी अडकवून घ्या स्वतःला, सोसायटीचे हिशोब घ्या (शिव्या खायची तयारी ठेवून), नाहीतर कामवाल्या मावशींच्या मुलांना गणित शिकवा. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय तुमच्या गावातच आहे, शेवटचं कधी गेला होतात? सहा महिने करून बघा, आणि वहिनींना विचारा, मला नको.