परसातल्या माडाचा संकर: तुमचे प्रश्न

प्रश्न (गुहागर): आमच्याकडे एक ऑरेंज ठेंगणा माड आहे आणि बाणवलीचे दोन उंच. आई कोणाला करू?

ठेंगण्यालाच. आई म्हणजे ज्याच्या फुलांवर दुसऱ्याचा पराग मारायचा तो माड, आणि ठेंगण्याच्या पोयीला, म्हणजे फुलांच्या तुऱ्याला, स्टुलावर उभं राहिलं की हात पोचतो. पराग मारायला उंच माडावर आठवडाभर रोज चढणं घरच्या माणसाने करूच नये, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. चंद्रसंकरा हा संकर नेमका असाच, चौघाट ऑरेंज ठेंगणी आई आणि वेस्ट कोस्ट टॉल म्हणजे आपली बाणवली बाप. केरासंकर या दुसऱ्या संकरात याच्या उलट. आणि उंच-ठेंगण्याचा क्रॉस केरळात निलेश्वरला १९३२ सालीच करून बघितलेला आहे, त्यामुळे वाट मळलेली आहे.

प्रश्न (सावंतवाडी): मी ब्रशने पराग लावले, नारळ धरले पण रोपं सगळी आईसारखीच आली. असं का?

नर फुलं काढली नसणार! माडाच्या एकाच पोयीत नर मादी दोन्ही फुलं असतात, आणि ठेंगण्या जातीत दोघांची वेळ एकमेकांत मिसळते म्हणून झाड स्वतःच्याच परागाने फळतं. पोय फुटली की त्याच दिवशी सगळी नर फुलं खुडायची, एकही ठेवायचं नाही, आणि लगेच दाट विणीच्या कापडाची पिशवी बांधायची, कारण मधमाश्या फट सोडत नाहीत. काही दिवसांनी मादी फुलाचं टोक तीन फाकांत उघडतं आणि मधाचा थेंब चमकतो, तीच वेळ. टोक तपकिरी पडलं की संपलं. सगळी फुलं एका दिवशी उघडत नाहीत, म्हणून साधारण आठवडाभर रोज पराग मारायचा, आणि दरवेळी पिशवी लगेच परत बांधायची.

पराग बापाच्या पोयीतला, उमलायला आलेल्या नर फुलांचा. फुलं हलकी चुरडून सावलीत कागदावर सुकवा, मलमलीतून चाळा, एक भाग परागात नऊ भाग टाल्क मिसळा आणि दाबायच्या रिकाम्या बाटलीतून फुंका. ओल लागली की पराग मरतो, त्यामुळे पावसाळ्यात हा उद्योग नको.

प्रश्न (पेडणे): रोप संकर आहे हे कसं ओळखायचं?

फळ तयार व्हायला ११-१२ महिने, मग उगवण, तेव्हा धीर धरा. रोप पाच-सहा महिन्यांचं झालं की पानाचा देठ बघा. ऑरेंज आईचं रोप नारिंगी देठाचं निघालं तर ते स्वतःच्याच परागाचं, बाजूला काढा. तपकिरी किंवा हिरवट देठ म्हणजे बापाचा अंश आला. हिरव्या ठेंगण्या आईला ही खूणच मिळत नाही, म्हणून मी ऑरेंजचा एवढा आग्रह धरतो.

प्रश्न (अलिबाग): माडावर सुपारीचा पराग चालेल का? आणि संकर माडाचे नारळ रुजत घालू का?

पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, माडाच्याच कुळातली असली तरी वंश वेगळा, तिच्या परागाने नारळ धरणार नाही. संकराचे नारळ खुशाल खा, पण रुजत घालू नका. पुढची रोपं एकसारखी येत नाहीत, कुणी आजीवर कुणी आजोबांवर जातं. रोपं हवी असतील तर दरवेळी आईची नवी पोय धरा.