बास्केटबॉल बंद करू का?

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून माझ्याकडे सारखा येणारा प्रश्न: "मुलगा सगळा वेळ बास्केटबॉलमध्ये घालवतो, ग्रेड घसरल्यात. खेळ बंद करू का?"

एक कुटुंब सांगते, ओळखीचे तपशील बदलून. मुलगा अकरावीत, उंचपुरा. बसल्या बसल्या बोटं गुडघ्यावर ड्रिबल करत होती. बाबा म्हणाले, "मॅडम, केमिस्ट्रीत सी आलाय. सी!" आईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पोरगा बुटांची नाडी न्याहाळत राहिला.

तेव्हा मी एक चूक केली. बास्केटबॉलपटू बिल ब्रॅडलीचं उदाहरण दिलं. पुढे आमच्या राज्याचा झालेला माणूस, म्हणून चटकन तोंडात येतो. मिसुरीतल्या क्रिस्टल सिटीचा हा मुलगा ड्यूक विद्यापीठात जायचं ठरवून ऐन वेळी आमच्या इथल्या प्रिन्स्टन विद्यापीठात आला, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण. १९६५ मध्ये प्रिन्स्टनला फायनल फोरपर्यंत, म्हणजे कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, नेलं आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात एकट्याने ५८ गुण काढले. न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाने निवडलं होतं, तरी त्यांना थांबवून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर आधी ऑक्सफर्ड. मग निक्सबरोबर १९७० आणि १९७३ ची अजिंक्यपदं, आणि नंतर न्यू जर्सीचा सिनेटर, तब्बल १८ वर्षं.

बाबा खुलले. "बघ! दोन्ही जमतं ना?"

गुडघ्यावरची बोटं थांबली. तिथेच मला कळलं, मी मुलाला धीर द्यायला गेले आणि बाबांच्या हातात नवी फूटपट्टी दिली.

पुढच्या वेळी त्याला एकट्याला बोलावलं. "आता प्रिन्स्टनपण हवंय त्यांना," तो म्हणाला. मग मी त्याला ब्रॅडलीची मागे राहिलेली गोष्ट सांगितली. निक्सकडे आल्यावर त्याला गार्डच्या जागी खेळवलं, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या चपळ खेळाडूच्या जागी. त्या जागेला लागणारा वेग त्याच्याकडे नव्हता. इतका गाजावाजा झालेला खेळाडू, आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. दुसऱ्या मोसमात तो फॉरवर्डच्या जागी आला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

"बू केलं? मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये?" त्याने दोनदा विचारलं.

आणि मग बोलला. व्हार्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, निवड झाली होती, पण मॅचभर तो बाकावर. फार तर शेवटची तीन मिनिटं. म्हणून रात्री साडेदहापर्यंत पार्कात एकटा शॉट मारायचा आणि लॅब रिपोर्ट तसाच राहायचा. घरी वाटत होतं पोरगा फार खेळतो. खरं दुखणं उलटं होतं: त्याला खेळायलाच मिळत नव्हतं, आणि हे सांगायची लाज वाटत होती.

अशा वेळी खेळ बंद केला तर ते तास केमिस्ट्रीला जात नाहीत, फोनवर जातात. झोप तुटत असेल किंवा मूल दुखापत लपवत असेल, तर मात्र मी स्वतःच 'थांबा' म्हणते.

आम्ही कागदावर त्याचा आठवडा मांडला. बुधवारी बाहेरगावची मॅच, बस परतायला नऊ, आणि रिपोर्ट गुरुवारी सकाळी. गाठ इथेच बसली होती. रिपोर्ट सोमवारीच लिहायला घ्यायचा, अडलं तर लंचमध्ये शिक्षकांना गाठायचं, असं त्यानेच ठरवलं. पार्कात शंभर शॉट मोजून मारायचे, मग घर. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची संघटना, तिच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळायचं तर शाळेत १६ मुख्य विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ ची सरासरी लागते, हे त्याला ठाऊक होतं. केमिस्ट्री त्यातच मोडते, हे लक्षात आलं नव्हतं.

बाकाबद्दल आईबाबांना त्यानेच सांगितलं, माझ्यासमोर. बाबा बराच वेळ गप्प. मी त्यांना एकच काम दिलं: मॅचला जायचं, ओरडायचं नाही, परतीच्या गाडीत ग्रेडचा विषय काढायचा नाही.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. "मॅडम, आज सात मिनिटं खेळला!" घड्याळ लावून मोजली होती.

केमिस्ट्रीचं मलाच विचारावं लागलं.

"ते होय... बी आलाय वाटतं. थांबा, हिला विचारून सांगतो."