ताट पुढे का गेलं?

प्रिय चिंगे,

आजी फोनवर सांगत होती, रविवारी मामाच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला आणि मागोमाग प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीचं, ताट तुला न देता पुढे नेलं म्हणून तू फुगून बसलीस. बाळाला मिळतं, मला का नाही? आणि आपण मराठी ना, मग बारसं का नाही?

बारसं झालं होतं, बाई! आजीने पाळणा सजवला, मावशीने कानात कुर्र केलं, इंदूरभर घुगऱ्या वाटल्या. नाव तेव्हाच ठेवलं. बाप्तिस्मा नावासाठी नसतो. पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं, असं येशूचा प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो. म्हणून तो जन्मात एकदाच. आपले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, डोक्यावर पाणी घालतात. काही मंडळ्यांत कळत्या वयात, पूर्ण बुडवून देतात. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रोटेस्टंट मंडळ्यांचं एकत्र चर्च स्थापन झालं, त्यात दोन्ही रीतींचे लोक एकत्र आले आणि दोन्ही रीती राहिल्या. मला हा शहाणपणा वाटतो. आजीला विचारू नकोस, तासभर ऐकावं लागेल.

बाळाच्या वतीने आईबाप बोलतात. तुझ्या वेळी मी आणि पप्पा बोललो. प्रभुभोजन मात्र दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही. येशूला धरून नेलं त्या रात्री, यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या जेवणात त्याने भाकर मोडून शिष्यांना दिली, प्याला दिला आणि म्हणाला, "माझ्या स्मरणार्थ हे करा." पौल करिंथकरांना बजावतो, आधी स्वतःची परीक्षा करा, मग खा. म्हणून आपल्याकडे दृढीकरण, म्हणजे कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, होईपर्यंत मुलांना थांबवतात. कॅथलिक मुलं सात-आठ वर्षांची झाली की घेतात. त्यांच्या श्रद्धेत ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. आपल्यात बरेच जण म्हणतात, भाकर भाकरच राहते, पण विश्वासाने घेणाऱ्याला ख्रिस्त तिथे भेटतो. यावर लोक शतकानुशतकं भांडलेत, तेव्हा तुला एका रविवारी नाही कळलं तर बिघडलं नाही.

मराठीपणाचं म्हणशील, तर मराठी कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तावर अभंग लिहिले. चर्चमध्ये हिंदीत उपासना झाली तरी आजी घरी पेटीवर म्हणते ती भजनं त्यांचीच.

दृढीकरणाच्या वर्गाला अजून अवकाश आहे. तोवर प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा पाठ कर. जे पटणार नाही ते मस्कतला फोन करण्याआधी पाळकांना विचार. ते रागवत नाहीत.

तुझी,
आई