गावाला महापौर नाही, मग दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न : स. न. वि. वि. माझी मुलगी कॅलिफोर्नियात कॅस्ट्रो व्हॅली इथं राहते. तिच्या घरामागच्या उतारावर मोठी वसाहत व्हायची आहे, म्हणून शेजारीपाजारी ‘काउंटी सुपरवायझर’कडे जाताहेत. गावाला महापौर नाही, नगरसेवकही नाहीत, असं ती सांगते. हा सुपरवायझर म्हणजे आपला सरपंच की जिल्हा पंचायत सदस्य? मुलीला अजून तिथलं नागरिकत्व मिळालेलं नाही. तिला सभेत बोलू देतील का?
– एक निवृत्त शिक्षिका, साखळी

उत्तर : बाई, मुलगी सांगते ते खरं आहे. 2020 च्या जनगणनेत कॅस्ट्रो व्हॅलीची वस्ती 66 हजारांच्या वर भरली. पणजी महापालिकेच्या हद्दीत 2011 साली 40 हजार लोक होते, त्यावरून अंदाज करा. एवढी वस्ती असून तिथं नगरपालिका नाही. 2002 साली वेगळं शहर व्हायचं का, यावर मतदान झालं आणि लोकांनी ते नाकारलं. नगरपालिका नसलेल्या अशा भागाचा कारभार काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, थेट आपल्याकडे ठेवते. तुमच्या मुलीची काउंटी अलामेडा. तिचं मुख्यालय ओकलंड शहरात आहे, आणि तिथं बसतं पाच निवडून आलेल्या सुपरवायझरांचं मंडळ.

तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर तो सुपरवायझर सरपंचही आहे, जिल्हा पंचायत सदस्यही आहे आणि काही बाबतींत आमदारही. अलामेडात 2020 साली 16 लाख 80 हजारांवर लोक होते. आपल्या अख्ख्या गोव्यात 2011 साली 14 लाख 58 हजार. आपल्याकडे 40 आमदार, दोन्ही जिल्हा पंचायतींचे मिळून 50 सदस्य आणि 191 ग्रामपंचायती. तिथल्या शहरांना आपापल्या नगरपालिका आहेत, पण काउंटीचं म्हणून जे काही आहे ते पाच जणांच्या हाती. एकेकाच्या वाट्याला सव्वातीन लाखांवर माणसं येतात. लॉस एंजेलिस काउंटीत तर कोटीभर लोकांमागे पाचच सुपरवायझर होते. ते नऊ करायला मतदारांनी नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली.

मुदत चार वर्षांची, आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. काउंटीचं अंदाजपत्रक हे पाच जण मंजूर करतात. सरकारी इस्पितळ, तुरुंग, गरिबांची मदत, रस्ते, सगळं त्यात आलं. यातला बराच पैसा राज्य आणि केंद्राकडून येतो आणि कशावर खर्चायचा तेही वरूनच ठरून येतं, त्यामुळे त्यांचा हात बाहेरून दिसतो तेवढा मोकळा नसतो. जमिनीचं मात्र वेगळं. नगरपालिका नसलेल्या भागात शेती कुठे राखायची, घरं कुठे होऊ द्यायची, हे मंडळ ठरवतं. अलीकडे राज्यानं घरबांधणीचे कायदे कडक केल्यामुळे प्रकल्पाला सरळ नकार देणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, पण मुलीचे शेजारी गेले ते योग्य दारात गेले.

आता आपल्याकडचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात तेही दडलेलं आहे. मी पंचायत सचिव म्हणून नोकरी केली. सत्तरी तालुक्यातल्या एका गावची ग्रामसभा अजून डोळ्यांसमोर आहे. रविवारची सकाळ, शाळेची खोली खचाखच, आणि विषय एका डोंगरावरच्या बंगल्यांचा. बायका पुढच्या बाकांवर बसून विचारत होत्या, उन्हाळ्यात आमच्या झरीचं पाणी आटलं तर जबाबदार कोण? सगळा राग पंचांवर निघाला. माझ्यासमोर टेबलावर ती फाइल होती. झोन पणजीत ठरला होता, जमीन बिगरशेती करायची सनद जिल्हाधिकारी कार्यालयातून आली होती, नगरनियोजन खात्याचा तांत्रिक दाखला जोडलेला होता. पंचायतीच्या हाती उरला होता फक्त बांधकाम परवाना, आणि तो नाकारला तर बिल्डर पंचायत संचालनालयात अपिलाला जाणार हे पंचांना ठाऊक होतं. जिल्हा पंचायत सदस्यही आले होते, मागे दाराशी उभे. कुणीतरी त्यांना पुढे बोलावलं. ते म्हणाले, “माझ्याकडे साकव मागा, स्मशानाची शेड मागा, प्रयत्न करतो. डोंगर माझ्या हातात नाही.” लोक त्यांना नावं ठेवत घरी गेले. पण त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

मला याची चीड येते, आणि ती त्या सदस्याची नाही. 73 व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या परिशिष्टात 29 विषय लिहून ठेवले, पण कलम 243 जी नुसार ते पंचायतींकडे किती सोपवायचे हे राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. जिल्हा पंचायत हवीच कशाला, असं कुणी म्हणालं की टाळ्या पडतात. मी उलट म्हणतो. हजारो मतदारांनी निवडलेल्या माणसाला साकवापुरता ठेवू नका. जमिनीच्या निर्णयात त्याला मत द्या, स्वतःचा निधी द्या, आणि मग भर सभेत जाब विचारा. कॅलिफोर्नियातल्या त्या पाच जणांना लोक धरतात ते त्यांच्या हाती काही आहे म्हणून.

शिवाय तिथं सभेचा कायदा कडक आहे. 1953 सालचा ब्राउन कायदा म्हणतो, नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लावा. पाचांपैकी तिघांनी कुणाच्या घरी चहाला जमून काउंटीचं काम परस्पर ठरवलं, तर तोही कायदेभंग. आपल्याकडे आदल्या रात्री काय काय ठरतं ते बाई, तुम्हीही पाहिलं असेल.

मुलीचं म्हणाल तर तिनं बेधडक जावं. मत देता येणार नाही, पण बोलण्याचा हक्क तिथं हजर असलेल्या कुणालाही आहे. नागरिकत्व विचारत नाहीत. आपली ग्रामसभा गावच्या मतदारयादीतल्यांची, तसं तिथं नाही. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा विषयाचा क्रमांक, आपलं घर प्रकल्पापासून किती अंतरावर आणि नेमकं काय बदलून हवं, एवढं कागदावर लिहून न्यावं. तेच पत्र आपल्या भागाच्या सुपरवायझरच्या कार्यालयात आधी पाठवलं तर उत्तम.

प्रश्न : तिथला शेरीफ सुपरवायझरांच्या हाताखाली असतो का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पुरता नाही. कॅलिफोर्नियाच्या काउंट्यांत शेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, आणि सरकारी वकील लोकांनी वेगळे निवडलेले असतात. सुपरवायझर त्यांचं अंदाजपत्रक मंजूर करतात, पण तपासात अडथळा आणायला कायद्यानं मनाई आहे. जागा मध्येच रिकामी झाली की गोष्ट वेगळी. अलामेडातच नोव्हेंबर 2024 मध्ये मतदारांनी सरकारी वकिलांना मुदतीआधी परत बोलावलं, आणि त्यांच्या जागी कोण बसणार ते सुपरवायझरांच्या मंडळानं ठरवलं.